हिरव्या पट्टीच्या सकाळी प्रार्थना कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीच्या एका ताईंची अकरा वर्षांची मुलगी चार वर्षांपासून नेफ्रोटिक सिंड्रोमने आजारी आहे. या आजारात मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात, डोळे-पाय सुजतात, स्टिरॉइड सुरू केलं की उतार पडतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटतं. यजमानांची रबाळ्याची कंपनी आठ महिन्यांपूर्वी बंद पडली. ताई लिहितात: "रोज सकाळी तिची लघवी पट्टीवर तपासते. पट्टी पिवळी राहिली तर देवाचे आभार मानते. हिरवी झाली की तोंडातून शब्द फुटत नाही. तीन महिने झाले, प्रार्थनाच होत नाही. एका सभेत सांगितलं की घरात पाप आहे, विश्वास ठेवा आणि औषध बंद करा. नवरा म्हणतो, आता चर्च पुरे. माझा विश्वास गेला का?"

ताई, सलाम.

मी एकतीस वर्षं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पाळक, म्हणजे पास्टर, होतो, आधी कळवा-ठाण्यात आणि मग नवी मुंबईत. आता निवृत्त आहे, पण आजाऱ्यांच्या घरी जाणं सुटलेलं नाही. उत्तर लांबणार आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तर बाजूला ठेवा, पोरीचं जेवणखाण उरका, मग पुढचं वाचा.

सगळ्यात आधी औषधाचं. ते बंद करू नका. स्टिरॉइड बरेच आठवडे चालू असलं की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं कमी करतं. मग गोळी एकदम तोडली तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, मूल गळून जातं, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर जिवावर बेतू शकतं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, पायरी-पायरीने. सभेत ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, पण ही गोष्ट त्यांनी सांगायला नको होती. आणि पवित्र शास्त्राचा आधार घेऊन तर नकोच होती. बायबलात प्रेषित पौलाची पत्रं आहेत, त्यांत त्याच्या सोबती लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा येतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला वरचेवर पोटाचा त्रास व्हायचा, तर पौल त्याला नुसतं पाणी न पिता थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो, त्या काळचा साधा घरगुती उपाय. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, आपण सहसा वाचतच नाही अशा निरोपानिरोपीच्या ओळींत, पौल सांगतो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या हातून आजारी बरे झाले, त्याला आपल्या सोबत्याला अंथरुणावर सोडून पुढे जावं लागलं. त्रफिमाच्या घरात पाप होतं, असं पौल लिहीत नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असंही लिहीत नाही. आजारी होता, एवढंच.

पापाचा प्रश्न येशूला शिष्यांनी सरळ विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस समोर आहे आणि शिष्य विचारतात, पाप याने केलं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते, तिथेही तो विचारतो की ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणतो. ही दोन ठिकाणं उघडून त्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी कोणी तुमच्या घरातलं पाप शोधायला आलं, तर वाद घालू नका, पान पुढे करा.

त्या सभेत पैशाचीही गोष्ट निघाली होती असं तुमच्या पत्रात एका ओळीत आहे: बी पेरा म्हणजे पीक येईल. यावर फार लिहीत नाही. घरात पगार नाही आणि पोरगी आजारी आहे, अशा वेळी तुमच्याकडून कुणाला काही येणं नाही. उलट तुमच्या मंडळीचं तुम्हाला देणं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न.

मला तो कळतो, कारण त्याचं चुकीचं उत्तर मी एकदा दिलेलं आहे. १९९४ साल. पाळक म्हणून मला जेमतेम वर्ष झालं होतं. मंडळीतल्या एका कुटुंबाचा एकोणीस वर्षांचा मुलगा कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये गर्दीच्या लोकलमधून पडून गेला. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. वडील खाटेवर बसले होते. इस्त्रीवाल्याकडून कपडे परत आले होते, त्यात पोराचे दोन शर्ट होते, आणि वडील गठ्ठ्यातून ते वेगळे काढत होते. मी पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ते वचन काढलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्यांनी निळा शर्ट मांडीवर ठेवला, त्याची कॉलर अंगठ्याने सरळ केली आणि विचारलं, "याचं झालं का कल्याण?" आणि मी उत्तर दिलं. दहा-पंधरा मिनिटं बोललो असेन. काय बोललो ते इथे लिहायची मला आजही हिंमत नाही. ते ऐकून घेत राहिले, चहा आला, मी प्रार्थना केली आणि निघालो. त्यानंतर दोन वर्षं ते चर्चमध्ये आले नाहीत.

वचन खोटं नव्हतं. पण ते वचन त्या शर्टाजवळ, त्या दिवशी, मी म्हणायचं नव्हतं. बायबलात मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. मग तोंडं उघडली आणि अठ्ठावीसेक अध्याय ईयोबाला त्यांचं ऐकावं आणि खोडावं लागलं. शेवटी देव रागावला तो मित्रांवर. ते देवाची बाजू घेऊन बोलत होते तरी त्यांच्यावर, आणि देवाशी भांडणाऱ्या ईयोबाविषयी देव म्हणाला की हा माझ्याविषयी नीट बोलला. हे पुस्तक मी पाठशाळेत शिकलो होतो, परीक्षेत गुणही चांगले पडले होते. कळलं ते त्या घरातून बाहेर पडल्यावर, आणि तेही बऱ्याच उशिरा.

म्हणून ताई, तुम्ही जे करता आहात त्याला मी विश्वास जाणं म्हणणार नाही. विश्वास गेलेल्या माणसाला पट्टी हिरवी झाल्यावर देवाशी अबोला धरावासाच वाटत नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यावर कोण रुसतं?

आपल्या मराठीत देवाला कोणी अहो-जाहो करत नाही. बापाला आपण 'अहो बाबा' म्हणतो, सासऱ्यांना, साहेबांना, मलासुद्धा तुम्ही 'पाळकसाहेब' लिहिलंत. देवाला मात्र 'तू'. आईला म्हणतो तसं. जनाबाईने विठोबाला तोंड भरून शिव्या दिल्या, नामदेव-तुकारामांनी त्याच्याशी भांडणं केली, आणि त्यांच्या भक्तीवर कोणी शंका घेतली नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा हा 'तू' बरोबर घेऊन आले. अभंग आणि ओवी त्यांनी सोडली नाही, म्हणून आपण चर्चमध्ये आज टाळ-पेटीवर गातो. आपण गाणी तेवढी ठेवली आणि भांडायचा हक्क मात्र कुठेतरी विसरून आलो, असं मला पुष्कळदा वाटतं. घरप्रार्थनेत बाई रडायला लागली की लगेच कोणीतरी 'स्तुती करा, स्तुती करा' म्हणून गाणं सुरू करतं. रडू द्यावं ना तिला.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा रडगाणं आहे, तक्रार आहे, देवाला जाब विचारणं आहे. तेरावं स्तोत्र 'कोठवर' या एका शब्दावर चार वेळा येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर फारच अवघड. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे वळत नाही. याचा शेवटचा शब्द अंधाराचा आहे आणि तिथेच ते संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांना शेवटी दोन बऱ्या ओळी जोडता आल्या नसत्या का? त्यांनी जोडल्या नाहीत. तसंच ठेवलं, आणि देवाचं वचन म्हणून ठेवलं. तुमच्या हिरव्या पट्टीच्या सकाळी म्हणायला ते स्तोत्र आहे. दिवसभर त्याच्यापुढे एक ओळही जोडायची गरज नाही.

आणि वधस्तंभावर येशूने म्हटलं तेही स्तोत्रच होतं, बाविसावं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. तो प्रश्न आहे. त्याला त्या दुपारी उत्तर आलं नाही.

ठाण्यातली एक फार जुनी गोष्ट सांगतो. आपल्याकडे ती लोकांना अर्धीच माहीत असते. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांच्याबरोबर पाचवा एक होता, डॉमिनिकन पंथाचा जॉर्डनस. तो त्या दिवसांत कामासाठी पुढे गेला होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने चौघांचे देह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. शहीद म्हणून नावं घेतली जातात ती चौघांची. मला मात्र आयुष्यभर तो पाचवा जवळचा वाटत आला आहे. तो एकटा मागे राहिला, अडीच वर्षं या किनाऱ्यावर फिरत राहिला आणि मग ठाण्याहून आपल्या पंथबंधूंना पत्र लिहिलं. त्या पत्रात विजयाची आरोळी नाही. मी पोरका झालो, या वाट नसलेल्या रानात भटकतो आहे, असं तो लिहितो. ज्या घडीने माझी आणि सोबत्यांची ताटातूट केली तिला तो शाप देतो. डोकं, छाती, पोट, सगळं अंग दुखतं म्हणून सांगतो. आणि त्याच पत्रात बंधूंना कळवतो की इथे काम आहे, माणसं पाठवा. पुढे १३२९ मध्ये तो कोल्लमचा बिशप नेमला गेला, पण माझ्या मनात राहिलं आहे ते मधलं वर्ष, सगळं अंग दुखत असताना ठाण्यात बसून लिहिणारं. आपल्या शहरातलं पहिलं ख्रिस्ती पत्र म्हणावं तर ते असं, कुरकुरीचं आणि दुखण्याचं. तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवलं.

आता सकाळचं बघू. तुमच्याकडे एक घोटाळा झालेला आहे आणि तो तुमच्या ध्यानात आलेला नाही. पट्टी पिवळी तर आभार, हिरवी तर गप्प. म्हणजे रोज सकाळी न्हाणीघरात उभं राहून तुम्ही त्या कागदाच्या तुकड्यावर देवाचा चेहरा बघता. ती पट्टी लघवीत प्रथिन किती आहे ते सांगते. देवाची मर्जी सांगायला ती बनवलेली नाही. हा आजार मुळात वरचेवर उलटणाराच आहे, बहुतेक मुलांना पहिल्या उपचाराने उतार पडतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा कधीतरी उलटतं. डॉक्टरांनी तुम्हाला हे सांगितलं असेल. सर्दी-खोकल्याच्या साथीतसुद्धा उलटतं. त्यामागे देवाचा दरदिवशीचा निकाल शोधू नका.

म्हणून एक छोटी गोष्ट करून बघा. प्रार्थना पट्टी बुडवण्याच्या आधी करा. रंग दिसायच्या आधी. गॅसवर चहाचं आधण ठेवलं की तेवढ्यात. लांबलचक नको. "प्रभू, मी उठले आहे, ती उठते आहे, आमच्याबरोबर राहा." बस. आणि मग पट्टी बघा, वहीत नोंद करा, हिरवी दिसली तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढचं करा. त्यानंतर रडायचं असेल तर रडा, 'कोठवर' म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हणा. पण आधीचं वाक्य रोज तेच, पिवळ्या दिवशीही तेच आणि हिरव्या दिवशीही तेच. मी हे तुमच्यासाठी बसून बनवलेलं नाही. डायलिसिसवर असलेल्या एका शिक्षकांनी मला शिकवलं. ते मशीनला जोडून घेताना, सुई टोचायच्या आधी प्रार्थना करून घ्यायचे. नंतर केली तर ती सुईबद्दलच होते, म्हणायचे.

तेवढंही होत नसेल तर? तर मग करू नका. माझंही झालं नव्हतं.

२०११ मध्ये माझी पत्नी गेली. चौदा महिने आजारी होती, कर्करोग. मी पाळक असून तिच्यानंतर जवळपास पाच महिने मला प्रार्थना आली नाही. लोकांपुढे करायचो, तोंडपाठ होती. घरी आल्यावर एक शब्द यायचा नाही. मग मी चर्चच्या वडीलमंडळाला, म्हणजे कारभारी मंडळींना, सांगितलं की रविवारची इतरांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना काही दिवस दुसऱ्या कोणीतरी करा, मी करणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. मी खाली पहिल्या रांगेत बसायला लागलो, आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली की नुसता उभा राहायचो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' माझ्या दोन्ही बाजूंची माणसं म्हणत होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमची ऋणं. ही एकट्याने पेलायची प्रार्थनाच नाही. त्या महिन्यांत माझ्या वाटणीची प्रार्थना शेजारची माणसं म्हणत होती आणि मी त्यांच्यात उभा होतो, एवढंच माझं काम होतं.

तिच्यामागे कपाट आवरताना जुनी कालनिर्णयं सापडली. ती मागच्या पानावर दुधाचा हिशोब लिहायची आणि त्याच्याच शेजारी, त्याच पेन्सिलीने, कुणासाठी प्रार्थना करायची त्यांची यादी. प्रत्येकापुढे काही लिहिलेलं: 'झालं', 'नोकरी लागली', 'गेले'. एका नावापुढे सगळ्या वर्षांच्या पानांवर दोनच शब्द होते, 'अजून नाही'. नऊ वर्षं. मोजली मी. दर जानेवारीला ती नवीन कॅलेंडरवर ते नाव उतरवत होती आणि पुढे 'अजून नाही' लिहीत होती. ते नाव मी पुढे चालवलं आहे. आजही पुढे तेच दोन शब्द आहेत.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकून खाली सोडतात. तिथे लिहिलं आहे की 'त्यांचा' विश्वास पाहून येशू बोलला. बाजेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता, तो काय म्हणत होता, हे मार्क सांगतच नाही. कदाचित तो कंटाळून म्हणतही असेल की मला घरी न्या. आत्ता तुम्ही बाजेवर आहात, ताई. तुमचं काम बाज उचलायचं नाही. चार कोपऱ्यांना चार माणसं शोधणं, एवढंच बघायचं आहे.

कोण, ते नाव घेऊन ठरवा. 'मंडळीने मदत करावी' म्हटलं की कोणीच करत नाही, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. एकीला सांगा की दर मंगळवारी माझ्या पोरीजवळ दोन तास बस, मी बाहेर जाऊन येते. एकाला सांगा की ओपीडीच्या दिवशी आमच्याबरोबर ये. स्टिरॉइड चालू असलेल्या मुलीला गर्दीत संसर्ग लवकर होतो, म्हणून घरप्रार्थनेला पाच-सहा जणांच्या वर नको आणि सर्दी झालेल्याने यायचं नाही, हे सांगायला एखादी खमकी बाई हवी, तुम्ही वाईटपणा घेऊ नका. त्या शर्टवाल्या वडिलांना परत कोणी आणलं माहीत आहे? मी नाही. मंडळीत एक वायरमन होता, फार बोलायचा नाही. दर गुरुवारी कामावरून सुटला की त्यांच्याकडे जायचा, मिक्सर दुरुस्त कर, पंख्याचा कंडेन्सर बदल, काही नसेल तर बातम्या बघत बसायचा. दोन वर्षं त्याने देवाचा विषय काढला नाही. एका रविवारी दोघे एकाच स्कूटरवरून आले.

तुमच्या यजमानांना 'चर्च पुरे' म्हणू द्या. त्यांच्याशी भांडून त्यांना उपासनेला नेऊ नका. तुम्ही लिहिलं आहे की ते दर महिन्याला पहाटे पाचला निघून रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे राहतात, म्हणजे तुम्ही आणि मुलगी नंतर सावकाश येऊ शकता. त्यांनी बाजेचा एक कोपरा धरलेला आहे. तोंडाने ते काय म्हणतात याकडे सध्या लक्ष देऊ नका. आठ महिने पगार नसलेल्या पुरुषाला चर्चच्या दारात प्रत्येक जण 'मग, काय चाललंय?' विचारतो, हेही त्यांच्या न येण्यामागे असू शकतं. बऱ्याच घरांत मी हेच पाहिलं.

मुलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मोठी माणसं नकळत दुखावतात. तिची लघवी स्वच्छ असते त्या महिन्यांत कोणीतरी तिला सभेत उभं करून साक्ष द्यायला सांगेल: येशूने मला बरं केलं. नाही म्हणा. मी एक मुलगा पाहिला आहे, दुसरा आजार होता, आठ वर्षांचा. त्याने माइकवर साक्ष दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दीड महिन्यात आजार उलटला. तो आईला म्हणाला, "मी स्टेजवर खोटं बोललो का?" त्याला वाटलं, खोटं बोलल्यामुळे देवाने पुन्हा आजारी पाडलं. लेकराच्या खांद्यावर एवढं ओझं कोणी ठेवलं? आपणच, मोठ्या आनंदाने. आज बरं वाटतंय, म्हणून आज धन्यवाद, इतकंच तिला शिकवा. तिला देवावर राग आला तर तोही बोलू द्या. आणि एक लक्षात असू द्या, स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, भूक वाढते, आणि मुलं चिडचिडीही होतात. ती ताट ढकलते तेव्हा त्यात तिचा स्वभाव किती आणि गोळी किती, हे डॉक्टरांना विचारा. शाळेत चेहऱ्यावरून चिडवत असतील तर वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचंही विचारतो. झोप लागते का? पहाटे तीनला जाग येऊन छाती भरून येते का? अन्न गोड लागतं का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे असंच चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा 'मी नसले तर बरं' असं एकदाही मनात आलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आपल्या भागात यात एक जास्तीची अडचण आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय इतकं प्रसिद्ध की 'याला ठाण्याला पाठवा' ही सगळ्या महाराष्ट्राची थट्टा, आणि ठाण्याच्या आसपास राहणारी माणसंच त्या शब्दाला सगळ्यात जास्त भितात. भिऊ नका. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणाला होता, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, त्याला खाऊ दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं झालं ते त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. तेव्हा औषध आणि झोप म्हणजे विश्वासात पडलेला खड्डा असं समजू नका.

पैशाचं एक. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांच्या खोलीत जाऊन बसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तिचं काय बसतं ते विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा. मागायला लाज वाटते, मला माहीत आहे. रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलं आणि ती मिळते ती बहुतेक वेळा कुठल्यातरी खिडकीपाशी रांग लावून.

शेवटी केडगावच्या पंडिता रमाबाईंची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या पोरीबाळींना आसरा देणाऱ्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंना त्यानंतर जेमतेम काही महिने मिळाले, ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. त्या मधल्या महिन्यांत त्या मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं, वर्षानुवर्षं चाललेलं काम पुरं करत होत्या. प्रुफं तपासत होत्या. पोटची पोर गेलेली आई रोज सकाळी उठून ओळीमागून ओळ, काना-मात्रा बघते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांना त्या दिवसांत काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. सकाळी त्या टेबलाशी बसत होत्या, एवढं मात्र पक्कं.

तुमचं टेबल म्हणजे ती पट्टी आणि नोंदीची वही.

माझा एक कोपरा मी धरतो. हे उत्तर ज्यांच्या हाती पाठवतो आहे त्यांच्याकडे माझा नंबर आहे. रोज सकाळी पट्टी बघून झाली की मला मेसेजवर रंग कळवा, 'पिवळी' किंवा 'हिरवी', बाकी काही नको. मी साडेसहाला उठलेला असतो. तुमचं नाव आणि मुलीचं नाव कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आहे, त्या जुन्या नावाच्या खाली. येत्या गुरुवारी संध्याकाळी मी ऐरोलीला एका आजाऱ्याकडे येणार आहे, तिथून घणसोली दोन स्टेशनं. यजमानांना विचारून ठेवा, घरात काही बिघडलेलं असेल तर तो वायरमन अजून माझ्याबरोबर फिरतो.